आत्यांचा होकार

आमच्या ऑफिसात सगळ्यांत जास्त मार आत्यांनी खाल्ला, आणि तोही हौसेने, स्वतः घरून घुगऱ्या करून आणून.

आमचं ठाण्याचं ऑफिस तसं लहानच. आम्ही एक सॉफ्टवेअर बनवतो. दुकानदार, कारखानदार, दवाखानेवाले त्यावर चौकोन मांडतात, चौकोनांना बाण जोडतात, आणि मग त्यांची रोजची कामं एआय त्या वाटेने करत जातं. मेल आली की वाचायची, ऑर्डर असेल तर उतरवून घ्यायची, उत्तर पाठवायचं. दर महिन्याला आम्ही त्यात काहीतरी नवीन घालतो, आणि जे नवीन येईल त्याचं बारसं त्या करायच्या, म्हणून त्या सगळ्या ऑफिसच्याच आत्या. लॅपटॉपला हळदकुंकू लावायचं, माइकच्या बारीक भोकाशी वाकून हळूच नाव सांगायचं. त्या वाकल्या की आम्ही सगळे 'कुर्रर्र' करत त्यांच्या पाठीवर धपाटे घालायचो. "जोरात घाला रे, पाठ डोंबिवलीची आहे माझी," त्या खालूनच ओरडायच्या. बारशाशिवाय काहीही बाहेर जायचं नाही, हा नियम कधी झाला ते समीर सरांनाही सांगता आलं नसतं. कंपनी सरांची होती, तरी.

आत्यांचं काम अपडेट लिहिण्याचं. म्हणजे या महिन्यात काय नवीन आलं आणि ते कसं वापरायचं, हे गिऱ्हाइकांना कळवायचं. त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी मानपाड्याच्या एका कारखान्यात पंपांची माहितीपुस्तकं लिहिली होती आणि तो दरारा त्या इथे घेऊन आल्या होत्या. "योग्य प्रमाणात तेल घाला, असं मी कधी लिहिलं नाही. योग्य म्हणजे किती? माणूस पंपापाशी उभा आहे, त्याला सांगा ना किती ते!" 'सुधारणा केली आहे' हे वाक्य दिसलं की त्यांचा चष्मा नाकावरून खाली यायचा. काय सुधारलं, ते सांगितल्याशिवाय सुटका नसायची.

त्यांची परीक्षा सोपी होती. आपण बनवलेली गोष्ट एका श्वासात सांगायची. मध्ये दम घेतला की नापास. 'आणि' म्हटलं तरी नापास, कारण मग त्या दोन गोष्टी झाल्या. मोठमोठ्या कॉलेजांतून आलेली आमची मुलं त्यांच्या टेबलापुढे लाल होऊन उभी राहायची आणि आत्या शांतपणे पेरू खात असायच्या. यातून पास झालेला मजकूर रात्री यजमानांना वाचून दाखवला जाई. "ते झोपले तर पुन्हा लिहायचं. जागे राहिले तर पाठवायचं." आमच्या यशापयशाचा निकाल डोंबिवलीतल्या एका आरामखुर्चीत लागत होता, हे आमच्या गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही.

नावं मात्र त्या झकास ठेवायच्या. नको त्या मेल बाजूला काढणारी 'गाळणी'. आलेलं काम बरोबर माणसाकडे नेऊन सोडणारा 'वाटाड्या'. एकदाच त्यांचा हात चुकला. तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या चौकोनाला त्यांनी 'चकली' म्हटलं, आणि ऐन दिवाळीत कल्याणच्या एका बाईंनी फोन करून दर विचारला. आत्यांनी चूक कबूल केली नाहीच. उलट त्या बाईंना भाजणीचं प्रमाण सांगून फोन ठेवला.

मी तिथे लागले तेव्हा बावीस-तेवीसची असेन. मीही डोंबिवलीचीच, त्यामुळे आत्यांनी मला पहिल्या दिवशीच ताब्यात घेतलं. पहिल्या वर्षी मी एक गोष्ट जिवापाड मेहनत करून बनवली. एआयने उत्तर तयार केलं की ते लगेच पाठवायचं नाही. थांबायचं, मालकाच्या फोनवर दाखवायचं, तो हो म्हणाला तरच पुढे जायचं. समीर सरांना ती अजिबात पटली नाही. "अगं मुग्धा, लोकांना सगळं आपोआप हवंय. आपण थांबायला लावलं तर लोक म्हणतील, मग पैसे कशाचे घेता? या वेळी ठेवू बाजूला." बाजूला ठेवलेल्या गोष्टी आमच्याकडे परत कधी येत नाहीत, हे मला माहीत होतं. मी जिन्यात जाऊन रडले. आत्या शोधत आल्या, शेजारी बसल्या, म्हणाल्या, "एका श्वासात सांग."

मी नाक पुसत म्हटलं, "तुम्हाला विचारल्याशिवाय हे कुणाला शब्द देणार नाही."

"पास," आत्या म्हणाल्या. "आता रडू नकोस. वाट बघ."

वाट फार बघावी लागली नाही. आषाढात कळव्याहून एक ताई सॉफ्टवेअर बघायला आल्या. कोळीवाड्यातल्या, बी.कॉम. झालेल्या, हॉटेलांना मासळी पुरवणारा मोठा व्यवसाय एकहाती सांभाळणाऱ्या. त्यांनी ते घेतलं तर त्यांच्या ओळखीचे सगळे पुरवठादार आमच्याकडे येणार होते, म्हणून सर स्वतः दाखवायला बसले. खोटीच एक ऑर्डर पाठवली: उद्या सकाळी चाळीस पापलेटं हवीत. मशीनने क्षणात ती वाचली, उतरवली आणि नम्रपणे उत्तर देऊन टाकलं. हो, उद्या सकाळी पोचतील. सरांनी अभिमानाने ताईंकडे बघितलं.

ताई पडद्याकडे बघतच राहिल्या. "मना न इचारताच हो बोलली ही? आन् पापलेट आनाचा कुठशी? बोटी समद्या किनाऱ्याला हायेत. नारली पुनवेच्या आधी दर्यान कोन जातंय?" आणि मग त्या इतक्या खळखळून हसल्या की आम्हालाही हसू आवरेना. सर तेवढे हसले नाहीत.

तेवढ्यात आत्या उठल्या. "ताई, आमचं एक बाळ अजून पाळण्यातच आहे. दाखवू का?" सरांच्या उत्तराची वाट न बघता त्यांनी मला खुणावलं. मी तो चौकोन जोडला, त्यात ताईंचा नंबर घातला आणि तीच ऑर्डर पुन्हा सोडली. मशीनने ती वाचली, उत्तर लिहिलं आणि थांबली. ताईंच्या हातातला फोन वाजला. त्यावर ते उत्तर होतं आणि खाली प्रश्न, पाठवू का?

ताईंनी 'नाही' दाबलं आणि फोनमध्येच बोलल्या, "पापलेट नाय आता, खाडीचा जिताडा हाय चांगला, तो चालंल का इचार." मशीनने ते समजून घेऊन हॉटेलला साजेशा भाषेत लिहिलं आणि पुन्हा थांबली. ताईंनी आता 'हो' दाबलं. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "आता कशी गुणाची झाली! ही द्या मना. पयली नको."

त्या महिन्याच्या अपडेटमध्ये सगळ्यांत वर माझी गोष्ट होती. मी तिला एक लांबलचक इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते आत्यांनी वाचलंसुद्धा नाही. बारशाला ताई जिताड्याचं कालवण घेऊन आल्या. आत्या शाकाहारी, त्यांनी लांबूनच वास घेऊन शाबासकी दिली. मग माइकशी वाकून म्हणाल्या, "होकार." सगळ्यांत जोरदार धपाटा समीर सरांनी घातला. पुढे जे ते गिऱ्हाईक फोनवर आधी विचारू लागलं, त्यात तो होकार आहे ना? माझा आनंद माझ्यात मावत नव्हता.

गेल्या वर्षी आत्या खडवलीला राहायला गेल्या. यजमानांना अंगणात भाजी लावायची होती आणि आत्यांचे गुडघे ठाण्याला कंटाळले होते. निरोपाच्या दिवशी मी भोकाड पसरलं तर मलाच ओरडल्या, "अगं, खडवलीला चाललेय, स्वर्गात नाही." त्यांची खुर्ची पुढे बरेच दिवस कुणी घेतली नाही. मला त्या खुर्चीकडे बघवत नसे.

मग सरांनी माझ्याकडून नवीन गोष्ट करून घेतली. आम्ही काय काय बदललं ते एआय स्वतःच बघणार, स्वतःच अपडेट लिहिणार आणि सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून देणार. मशीनने पहिला मजकूर लिहिला. भाषा गुळगुळीत, कुठे खोट काढायला जागा नाही, आणि वाचून काही कळत नाही. मी पाठवण्याच्या आधीच्या जागी एक होकार बसवला. कुणाला विचारायचं, या रकान्यात आत्यांचा नंबर घातला. त्यांना आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'आता मी कशाला' म्हणाल्या असत्या.

सर मागे उभे राहून बघत होते. "आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर जाणार नाही, सर."

सर खुर्ची ओढून बसले आणि मी मजकूर सोडला. हळूहळू सगळं ऑफिस माझ्या टेबलाभोवती जमलं. बऱ्याच वेळाने आत्यांचं उत्तर आलं.

'नाही. अनुभव अधिक सुखद झाला म्हणजे काय झालं?'

आम्ही टाळ्या पिटल्या. नकार आल्यावर एवढा जल्लोष आमच्या ऑफिसात आजवर झाला नव्हता. मशीनने पुन्हा लिहिलं, पुन्हा विचारलं. उत्तर आलं, 'नाही. यजमान झोपले.' सर पोट धरून हसायला लागले. तिसऱ्या खेपेला पडद्यावर 'हो' उमटलं, आणि पाठोपाठ माझा फोन वाजला.

"मुग्धे, या लिहिणाऱ्याचं बारसं केलंत का?"

"नाही, आत्या. तुमच्याशिवाय कसं करणार?"

"मग फोन त्या लॅपटॉपच्या कानाशी धर. आणि वाक. माझ्या वाटणीचं तुला खावं लागेल."

मी फोन माइकशी धरून वाकले. खडवलीहून आत्यांचा आवाज खणखणीत आला, "पोपट! छान बोलतो, पण शिकवावं लागतं." आणि 'कुर्रर्र' करत सगळे माझ्यावर तुटून पडले.

"जोरात घाला रे," मी खालून ओरडले, "माझीही पाठ डोंबिवलीची आहे."