टिपणीस सरांचे दोन साक्षीदार

टिपणीस सरांना ओळखत नाही असा माणूस पेणमध्ये विरळा, आणि त्यांच्या घरी पाऊल टाकणारा त्याहून विरळा. दोन्हीचं कारण एकच, सरांची जीभ. गोपाळकृष्ण टिपणीस मूळचे रोह्याचे. सगळी नोकरी पेणच्या शाळेत गणित शिकवण्यात गेली. तेव्हा ते पोरांच्या चुका काढत, निवृत्तीनंतर शेजाऱ्यांच्या काढू लागले. त्यांची बायको मैथिलीबाई होत्या तोवर लोक त्यांच्याकडे बघून येत. त्या गेल्या आणि दार वाजायचं थांबलं.

आता येणारी माणसं दोनच. स्वयंपाकाला कासू गावाहून आगगाडीनं येणारी रंभा, आणि दवाखान्यात, बँकेत नेणारा रिक्षावाला मिथुन. सर कबूल करत नसत, पण सकाळची रोह्याची गाडी येऊन गेली की त्यांचे कान फाटकाकडे लागत.

यंदा छातीत कळ आली आणि सरांनी मृत्युपत्राचं मनावर घेतलं. मूलबाळ नव्हतं. तसेच गेले असते तर घर पुतण्याला, विराजला मिळालं असतं, आणि तो काकूच्या आजारपणात एकदाही फिरकला नव्हता. सरांना घर द्यायचं होतं मेहुणीच्या मुलीला, ऋजुताला. मैथिलीबाईंचं शेवटचं सगळं तिनं केलं होतं. पण कायद्याच्या हिशेबी ती कुणीच नव्हती.

वकीलही त्यांचीच विद्यार्थिनी, निशिगंधा. मसुदा वाचून ती म्हणाली, "सर, बाकी चोख आहे. आता दोन साक्षीदार आणा. तुमच्यापेक्षा तरुण बघा, आणि ज्यांना काही देताय ते नकोत. उद्या विराज कोर्टात गेला तर त्यांची साक्ष लंगडी पडेल."

सरांनी मसुदा पुन्हा वाचला. मैथिलीबाईंच्या पाटल्या रंभाला आणि शिलाई मशीन मिथुनच्या बायकोला, असं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. जी माणसं घरी येत, ती सगळी मृत्युपत्रात जाऊन बसली होती. राहिलं कोण? जुन्या मित्रांपैकी चित्रे वारले, कमळाकर मुलाकडे पुण्याला गेला, आणि समोरच्यांशी पागोळीच्या पाण्यावरून अबोला.

"रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर पैसे देऊन मिळतात माणसं सहीला," निशिगंधा चाचरत म्हणाली.

"आणि ते कोर्टात सांगणार काय? टिपणीसांना आम्ही ओळखतो म्हणून? नको."

"मग त्या वस्तू आत्ताच देऊन टाका. मसुद्यातून त्यांची नावं काढते, म्हणजे तीच दोघं सही करतील."

उपाय सोपा होता, पण तो सरांच्या घशाखाली उतरेना. खरं सांगायचं तर त्या पाटल्या त्यांनी मायेनं लिहिल्या होत्या तशा धास्तीनंही. 'तुझ्यासाठी ठेवलंय हो काहीतरी,' असं ते रंभाला अधूनमधून ऐकवत. एकदा ते हातात पडल्यावर रोज कासूहून गाडी पकडून एका तिरसट म्हाताऱ्याच्या भाकऱ्या थापायला ती कशाला येईल? हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही. विचारायला होतं तरी कोण?

शेवटी ऋजुतासाठी त्यांनी मन घट्ट केलं. मशीन मिथुनच्या रिक्षात चढलं. पाटल्या रंभानं डोळ्यांना लावून पदरात बांधल्या. दोन दिवसांनी रजिस्ट्रारच्या ऑफिसात दोघांनी सह्या केल्या. यांना ओळखता का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा रंभा म्हणाली, "व्हय तर. लय कुरकुर करतात." सगळे हसले. सरही हसले.

दुसऱ्या दिवशी रंभा आली नाही. सरांनी स्वतः चहा केला, तो उतू गेला. मिथुनला फोन करावा असं मनात आलं, पण विचारायचं काय? "बरोबरच आहे तिचं," ते मोठ्यानं म्हणाले, आणि रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून त्यांना रडू फुटलं.

दुपार कलली तेव्हा फाटक वाजलं. "मालगाडी घसरली नागोठण्याला. यष्टीनं आली," रंभा पिशवी ठेवत म्हणाली. मग तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "सर, डोलं का लाल?"

सरांना खोटं सुचेना. "मला वाटलं, पाटल्या मिळाल्या, आता तू येत नाहीस."

रंभा पदर खोचता खोचता थांबली. "म्हंजे एवढी वरसं मी पाटल्यांसाठी येत व्हती, असा वाटला तुमाला?"

उत्तराची वाट न बघता रंभा आत गेली. तिनं भाकऱ्या केल्या, आमटी केली, ओटा पुसला. निघाली तेव्हा सर फाटकापर्यंत गेले. आजवर ते कधी गेले नव्हते.

"उद्या येशील ना?"

"येन की," रंभा म्हणाली, पण मागे वळून बघितलं नाही.