क्रमांक अठराची ओळ

ऐन अमावास्येला नवा फ्रिज घरी आणणारा माणूस आहे मी. मांजर आडवं गेलं तर ते त्याच्या कामाला चाललंय असं समजतो. चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर मला भीती एकाच गोष्टीची वाटते, शुक्रवारी संध्याकाळी कोडमध्ये केलेल्या "छोट्याशा" बदलाची. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण तुमच्यात कुणी डेटाबेसवाले असतील तर नीट वाचा आणि मला सांगा... काय झालं असेल?

मी राहतो अंबरनाथ पूर्वेला. आईचं माहेर मोरिवली, कारखान्यांच्या भिंतीला टेकलेलं जुनं गाव. तिथे गावदेवीच्या देवळात रोज संध्याकाळी दिवा लावायची पाळी घराघराने फिरते. आज एक घर, उद्या पुढचं. यादी बाळाराममामांच्या वहीत. त्या वहीला वाळवी लागली. निम्मी पोरं फ्लॅटमध्ये राहायला गेलेली, कुणाची पाळी कधी ते कुणालाच आठवेना. दोनदा देवी अंधारात राहिली.

मामांचा फोन आला. "भाच्या, तू कंप्युटरवाला ना रे? मग गावाच्या काय उपयोगाचा तू?"

"मामा, दोन दिवसांचं काम आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी आजवर ज्या ज्या कामाबद्दल बोललोय, त्यातलं एकही दोन दिवसांत झालेलं नाही.

रविवारी मामा ओटीवर बसून आठवणीने घरं सांगायला लागले आणि मी लॅपटॉपवर टाइप करत गेलो. घराचा क्रमांक, नाव, फोन आणि एक कॉलम 'शेरा', जो मी उगाच ठेवला होता. सोळा झालं, सतरा झालं. मग मामा म्हणाले, "एकोणीस..."

"अठरा?"

"अठरा राहू दे. ते घर नाही आता."

अठरा म्हणजे यमुनामावशी. सख्खी नव्हे, गावातली म्हणून मावशी. नवरा गेला, मूलबाळ नाही, घर मोडकळीला आलं तेव्हा विकून बदलापूर गावात भाचीकडे राहायला गेली. पण दर पाळीला रिक्षा बदलत बदलत यायची आणि दिवा लावून जायची. देवळाच्या समितीतल्या दोघांनी या वेळी ठरवलं होतं, गावात घर नाही त्याला पाळी नाही. मामा गप्प बसले होते.

दोन दिवसांनी मावशीचा फोन. नंबर कुठून मिळवला देव जाणे, तिच्याकडे तर बटणवाला मोबाइल. "बाबा, तू यादी करतोस म्हणं. माझं नाव घालशील ना? नवरा गेला, घर गेलं. दीड महिन्यातून एकदा तेवढा दिवा माझा हाय."

आणि तुमचा हा शूर लेखक काय म्हणाला असेल? "मावशी, ते समिती ठरवते. मी फक्त टेक्निकल बघतो."

फोन ठेवला तर मागे बायको, सायली, उभी. "टेक्निकल बघतो," तिने माझी नक्कल केली. "एक ओळ टाकायला काय झालं होतं?"

असो. ॲप तयार झालं. शनिवारी क्लाउडवर चढवलं, फुकटच्या प्लॅनवर. एक्केचाळीस घरं भरली, फोनवर उघडून पाहिलं, झकास. रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात उद्घाटन. दारं लोटली, चादर ताणली, कुणीतरी लग्नाच्या शूटिंगवाल्याचा प्रोजेक्टर आणला. नारळ फोडला. मी ऐटीत साइट उघडली.

गोल फिरतंय... फिरतंय... आणि मग पान उघडलं. कोरं.

"आरं, अख्खा गाव खाल्ला का रं भाच्यानं?" मागून कुणीतरी ओरडलं. "एमआयडीसीला जमलं नाय ते यानं शनिवार-रविवारात करून दाखवलं!"

हशा पिकला. माझ्या मात्र लगेच ध्यानात आलं मी काय माती खाल्ली ते. खरा डेटाबेस जोडायची सेटिंग भरायलाच विसरलो होतो. ती नसेल तर माझं ॲप गुपचूप सर्व्हरवरच्याच एका फाइलमध्ये डेटा ठेवतं. आणि फुकटच्या प्लॅनवर तासभर कुणी फिरकलं नाही की सर्व्हर झोपतो, उठतो तेव्हा ती फाइल नव्याने बनते, रिकामी. नवशिका पोरगाही ही चूक दुसऱ्यांदा करत नाही. मी तिसऱ्यांदा केली होती.

पण पान पूर्ण कोरं नव्हतं. चादरीला पडलेल्या सुरकुतीत एक ओळ होती. मामांनी पुढे होऊन मोठ्याने वाचली.

"अठरा. यमुना धोंडू. शेरा... तिळाचं तेल."

हसणं थांबलं. समितीतले एक काका म्हणाले, "हे तू केलंस?"

"आईशप्पथ नाही." आणि खरंच नाही! मी केलं असतं तर इतरांची घरं उडाली तशी तीही ओळ उडाली असती ना?

घरी येऊन खरा डेटाबेस जोडला. लॅपटॉपवरच्या मूळ यादीतून एक्केचाळीस घरं परत भरली. मोजली, एक्केचाळीस. साइट उघडली, बेचाळीस. अठरा नंबरची ओळ जागच्या जागी. समितीने सांगितलं काढ, मी काढली. पुढच्या वेळी कोड चढवला, परत हजर. तीनदा काढली. शेवटी दुसऱ्याच कंपनीकडे नवा डेटाबेस उघडला, पासवर्ड बदलले... तरी बेचाळीस.

आता गंमत ऐका. प्रत्येक ओळ कधी घातली त्याची वेळ डेटाबेस स्वतः नोंदवतो. तो रकाना रिकामा राहूच शकत नाही, तसा नियमच मी घातलाय. या ओळीत तो रिकामा. लॉगमध्ये एक्केचाळीस नोंदी घातल्याच्या खुणा आहेत, बेचाळिसावीची नाही. माझ्याशिवाय कुणी लॉगिनही केलेलं नाही.

उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात माझा सिंधी मित्र हरेश आहे, जीन्सच्या दुकानावर त्याचं ऑफिस. डेटाबेसमधला बाप माणूस. त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवला. आधी तो निवांत होता.

"साईं, तूने ही डाला है। भूल गया होगा। तुझ्या कोडमध्ये कुठेतरी लिहिलेलं असणार."

त्याने सगळा कोड शोधला, जुन्या आवृत्त्यांसकट. 'यमुना' कुठेच नाही. 'तीळ' तर नाहीच. दोन चहा झाले. मग त्याने रिकाम्या वेळेची तशीच एक ओळ स्वतः घालून पाहिली. डेटाबेसने साफ नकार दिला.

"मुझे डालने नहीं देता," हरेश स्क्रीनकडे बघत म्हणाला. "उसको कैसे दिया?" त्यानंतर त्याने दुकानातल्या पोराला सांगून माझ्यासाठी खास समोसे मागवले. हरेशने आजवर मला स्वतःहून काही खायला घातलेलं नाही. तेव्हा मला खरा घाम फुटला.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. समितीतले दोघे म्हणाले, "नाटकं बंद कर, काढ ती ओळ."

मी लॅपटॉप उघडला. मामा इतका वेळ माझ्याकडे बघत होते. "तिळाच्या तेलाचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही मामा. मला वाटलं सगळेच तिळाचं..."

"सगळे गोडं तेल घालतात. तिळाचं फक्त तिच्या घरचं. तिच्या सासूने देवीला तसा नवस बोलला होता, माझ्यासमोर. सासू गेली. आता ते यमुनाला ठाऊक नि मला." मामांनी हात पुढे करून माझा लॅपटॉप मिटला. "माझ्याच तोंडून अठरा नंबर गाळला गेला. काढू नको. ऱ्हाऊ दे बेचाळीस."

समितीतल्या त्या काकांनी नुसती टोपी सारखी केली.

नव्या यादीच्या अठराव्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम देवळात गेलो. मावशी आली, पिशवीतून तेलाची बाटली काढली, दिवा लावला, समोर बराच वेळ बसून राहिली. निघताना माझ्या हातात डबा ठेवला. नारळीपाक.

"तूच घातलंस ना नाव? फोनवर नाय म्हणलास, पर मला ठाऊक होतं. गुणाचा हायस."

मी तोंड उघडलं. लॉग, रिकामा रकाना, हरेश, सगळं सांगायचं होतं. ती इतक्या समाधानाने बघत होती की मी डबा घेतला आणि मान खाली घातली. तिला ते हो वाटलं.

डबा सायलीने उघडला आणि विचारलं, कशाबद्दल? मी सांगितलं. ती म्हणाली, "न केलेल्या कामाचं खाणार?" खाल्लं. गोड लागलं, हेही कबूल करतो.

ती ओळ कुणी घातली याचा पत्ता मला आजही नाही. हरेशलाही नाही. तुम्ही उत्तर शोधलंत तर जरूर कळवा. मला एवढंच ठाऊक आहे की मावशीने ज्याला फोन केला होता, त्याने ती घातली नव्हती.