ज्युरीत नसलेले काका

टेक्सासमधल्या अर्विंगच्या इंडियन ग्रोसरीत शनिवारी सकाळी हे काका हमखास भेटतात. 'भेंडी मोडून बघू नये' अशी पाटी टोपलीवर लावलेली असते आणि काका तिच्यासमोरच उभे राहून एकेका भेंडीचं टोक मोडत असतात. बोलणं कायम एकाच वाक्यानं सुरू होतं, "मी असतो ना तिथं, तर..." तिथं म्हणजे कुठंही. भारत मॅच हरला की मैदानात, इराकमध्ये काही बिघडलं की थेट बगदादला.

त्या शनिवारी त्यांचं 'तिथं' म्हणजे कोर्ट होतं. गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणाऱ्या एका देशी पोराला गोळी घालणाऱ्याला ज्युरीनं फाशीऐवजी जन्मठेप दिली होती. दुकानात सगळेच चिडले होते, पण आवाज काकांचा. "बारा जण, आणि एकातही दम नाही, यार! मी असतो ना तिथं, तर लटकवलाच असता."

मला राहवलं नाही. "काका, त्याच ज्युरीसाठी तुम्हाला बोलावलं होतं की."

हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. आम्ही बाकीचे व्हिसावर. बोलावणं येईल असे सिटिझन आमच्यात ते एकटेच. "आमच्या धर्मात कुणाचा जीव घेणं बसत नाही," असं जजला सांगून ते सुटून आले होते.

"अरे, दोन दोन आठवडे कोण बसणार तिथं?" काका सहज म्हणाले. मोडलेली भेंडी त्यांनी परत टोपलीत टाकली आणि मागच्या माणसाकडे वळले.

"मी असतो ना तिथं, तर..."