मामाने न पाहिलेला शेवट

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा लिफ्टमामाचा जुना आजार. जेवताना भाची म्हणाली, "मामा, तो नवा सिनेमा, वर्गातल्या सगळ्याजणी जाणार आहेत." मामाला पोस्टर आठवलं: आई मुलीची वेणी घालतेय, मागे खिडकी. घरगुती दिसतोय, असं ठरवून तो म्हणाला, "त्यात काय! मी नेतो." भाचीने टाळी घेतली. शब्द गेला तो गेला.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट दुरुस्त करताना जोडीदाराने अक्कल शिकवली. "अरे, त्या खिडकीत चेहरा आहे! सायकॉलॉजिकल थ्रिलर आहे तो. कोपऱ्यात लिहिलंय, मुलांनी मोठ्यांच्या सोबतीनेच पाहावा. तू बघितलास तर शेवट सांग मला. माझ्यात नाही धीर."

"सांगतो की," मामा म्हणाला. दुसरा शब्द गेला.

ताई, म्हणजे मामाची थोरली बहीण आणि भाचीची आई, घरीच शाळेचे गणवेश शिवते. मशीनवरून मान न उचलता तिने विचारलं, "सोबतीचा मोठा म्हणजे तू?"

"का? दिवसभर अंधारात लोंबकळतो मी."

"मग आधी एकटा बघून ये. चौदा वर्षांच्या पोरीने बघण्याजोगा आहे का, ते तू ठरव. तू म्हणशील तसं."

मामाला घाम फुटला. आजवर त्याचे शर्टसुद्धा ताईच निवडत आली होती.

रविवारी दुपारी तो ऐटीत जाऊन बसला. मध्यंतरापर्यंत ठीक चाललं होतं. मग पडद्यावरची आई स्वयंपाकघरात थबकली आणि मुलीला हळूच म्हणाली, "ऐकलंस? घरात कोणीतरी आहे."

मामाच्या हातातलं पॉपकॉर्न सांडलं. भावोजी गेले त्या वर्षी ताई अगदी याच आवाजात हेच म्हणायची. मशीनवर चादर पडून होती. भाची तेव्हा नऊची. सकाळी मामाच तिची वेणी घालायचा, वायरी गुंडाळतात तशी. पुढे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आणि एका सकाळी मशीन पुन्हा सुरू झालं. त्या वर्षाबद्दल घरात कोणी बोलत नसे.

पडद्यावरच्या बाईने कात्री उचलली. मामा लोकांचे पाय तुडवत बाहेर पडला.

घरी भाची दारातच उभी होती. "काय ठरलं?"

"नाही जायचं. भीती वाटते."

"कोणाला?"

"मला!"

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. "मला माहितेय त्यात काय आहे. शेवट सोडून सगळं मैत्रिणीने सांगितलं. ती बाई आईसारखं बोलते ना? मला फक्त बघायचंय, शेवटी ती बरी होते का."

मामाची मान खाली गेली. "कात्री उचलली आणि मी उठलो गं. शेवट नाही बघितला."

आतलं मशीन थांबलं.

"होते बरी," ताई उंबऱ्यातून म्हणाली.

"तू कधी बघितलास?" मामाने विचारलं.

"सिनेमा नाही बघितला." ताईने लेकीला समोर बसवलं आणि तिची सुटलेली वेणी हातात घेतली. "वेळ लागतो. गोळ्या लागतात. माणसं लागतात, वेण्या वाकड्या घालणारी का असेनात. आणि कात्रीचं म्हणशील, तर त्या वर्षी मी कात्रीला हातसुद्धा लावला नव्हता. नुसती घाबरलेली असायचे."

"मी पण," भाची म्हणाली.

वेणी अर्ध्यावर थांबली.

"मग सिनेमा?" शेवटी मामानेच विचारलं.

"बघू दे तिला. पण माझ्याबरोबर. जिथे खोटं दाखवतील तिथे मी चिमटा काढीन."

"आणि मी?"

"तू मध्ये बस. म्हणजे पळायचं झालं तर आम्हाला ओलांडून जावं लागेल."

"मग चिमटा मला बसेल!"

"बसू दे."

पुढच्या रविवारी तिघं गेली. मामा यावेळी शेवटपर्यंत बसला, पण कात्री निघाल्यापासून डोळे गच्च मिटून. दंडावर चिमटे मात्र बरेच मोजले. दिवे लागले तेव्हा त्याच्या मांडीवरून पलीकडे गेलेला भाचीचा हात ताईच्या हातात होता, आणि दोघी रडून लालबुंद. शेवट काय झाला, हे त्यांना विचारायचं त्याला सुचलंच नाही.

जोडीदार अजून रोज लिफ्टच्या खड्ड्यातून वर ओरडतो, "अरे, त्या शेवटाचं काय झालं?"

"सांगतो, सांगतो," मामा म्हणतो, "आधी तो पाना दे."