तिसरी हाक

लग्न ठरताना यांनी मला बेट दाखवायचं कबूल केलं होतं. निळं पाणी, नारळाची झाडं, दोन दिवस नुसतं लोळायचं. आम्ही तेव्हा आंध्रात होतो. यांच्या मास्तरकीच्या पगारात समुद्र काही बसेना, म्हणून संक्रांतीच्या सुट्टीत यांनी बसने बेज्जूरला नेलं आणि प्राणहिता नदीतलं एक रेताड बेट दाखवलं. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! झाडं चार, तीही बाभळीची. नारळ आम्हीच पिशवीतून नेलेला. मी तोंड फुगवूनच डोंग्यात बसले.

"ओल्या रेतीकडं जाऊ नका, सांजच्याला येतो," असं सांगून डोंगेवाला आम्हा दोघांना सोडून गेला. बेटावर पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. खरं सांगते, मला भीती वाटली. हे मात्र खूश. पाय मोकळे करायला झुडपांपलीकडे गेले.

भर दुपारी झुडपांपलीकडून यांची हाक आली, "अवं, येऊन राह्यली का?"

मी गप्प. माहेरी, भीमपूरकडं, आईची शिकवण अशी की पाण्याकाठी, टळटळीत दुपारी पहिल्या-दुसऱ्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस तिसऱ्यांदा बोलावतो, बाकीचं जे असतं ते दोनदाच. हे त्यावरून मला नेहमी चिडवायचे. दुसरी हाक आली, जरा चिरकी. मी नारळ सोलत तिसरीची वाट पाहिली.

ती आलीच नाही.

आधी राग आला, थट्टा करतात म्हणून. मग नारळ टाकून उठले. धावत गेले, तर हे ओल्या रेतीत छातीपर्यंत रुतलेले. साडी फेडून तिचं टोक फेकलं, पालथी पडून ओढलं. कसे निघाले, देवाला ठाऊक.

"तिसरी हाक काऊन नाही मारली तुमी?" मी रडत भांडले.

"तू ओ दिली ना," हे म्हणाले. "'आली, आली' म्हणली. दोनदा. म्हणून तर गप्प वाट पाहून राह्यलो होतो." आणि त्यांनी बोट दाखवलं ते मी बसले होते तिकडे नाही, पाण्याकडे.

मी तोंडही उघडलं नव्हतं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. अजूनही यांनी कुठूनही हाक मारली, की मी पहिल्याच हाकेला ओ देते. आई असती तर रागावली असती. पण माझ्याआधी दुसऱ्या कुणी ओ दिलेली मला चालायची नाही.