पाळकसाहेबांचं डुक्कर

तुमेमा आत्या देवाला भीत नसे. तिची त्याच्याशी ओळख होती आणि ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं ती रोज त्याच्याशी बोलायची. ऐकावं मात्र अख्ख्या गावाला लागायचं.

आमच्या सामोआत घरांना भिंती नसतात, नुसते खांब. संध्याकाळी शंख वाजला की जो तो आपल्या घरात मांडी घालून प्रार्थनेला बसतो. दुसरा शंख होईपर्यंत कुणी उठायचं नाही, रस्त्यावर फिरकायचं नाही, शेजाऱ्याला हाक मारायची नाही. म्हणजे त्या वेळात आत्या बोलायची आणि उलट उत्तर द्यायची कुणाची प्राज्ञा नसायची. हे तिने पोरवयातच ओळखलं होतं.

"प्रभू," ती खणखणीत आवाजात म्हणायची, "पेनिनाला माझा कोयता परत करायची बुद्धी दे. तो तिच्या मागच्या खांबाला टांगलाय, तुला शोधायला त्रास नको."

दुसरा शंख झाला की शेजारची पेनिना कोयता आपटून जायची. "अगं, देवाच्या आधी मला सांगितलं असतंस तर?"

"तुला सांगून तू दिला असतास होय?"

मी तिची भाची. तिच्या शेजारी डोळे मिटून बसायचं आणि लाजेने मान खाली घालायची, हे माझं काम. चीड यायची मला. पण एक कबूल केलं पाहिजे, आत्याने प्रार्थनेत कधी खोटं सांगितलं नाही. "देवासमोर थापा मारून उपयोग काय," ती म्हणायची, "तो काय आपिया शहरातून आलाय?"

तिचं खरं भांडण होतं पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंच्या, डुकराशी. शंख वाजला की हे डुक्कर आमच्या घरालगतच्या अळूच्या मळ्यात शिरायचं. माणसं आता उठणार नाहीत हे त्या जनावराला पक्कं कळलं होतं. गाव माना खाली घालून बसलेलं आणि हे मजेत कंद उकरतंय. आत्याने कुंपण घातलं, त्याने कुंपणाखालून वाट काढली. पाळकाच्या डुकराबद्दल तोंडावर तक्रार करायची आमच्यात रीत नाही, म्हणून तिने ती देवाकडे केली, पाळकसाहेबांच्या घरापर्यंत पोचेल अशा आवाजात.

"प्रभू, या गावात प्रार्थनेची वेळ नेमाने पाळणारं ते एकच आहे. त्याला आता तुझ्याकडे बोलावून घे."

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी सहनशीलतेवर प्रवचन दिलं. ते संपता संपेना आणि आमची चुलीतली मासळी पार वाळून गेली.

त्यानंतर एका संध्याकाळी आत्याची प्रार्थना अपराधांच्या क्षमेपर्यंत आली होती. तेवढ्यात मळ्यातून दणका ऐकू आला, मग किंचाळी. आत्याचा आवाज मात्र तुटला नाही. दुसरा शंख झाल्यावर लोक धावले, तर डुक्कर रस्त्यावर मरून पडलेलं आणि त्याच्याशेजारी हातात काठी घेतलेला फेरेती.

फेरेतीचं काम त्या वेळात रस्त्यावर पहारा द्यायचं. शंखही तोच फुंकायचा. गावात उभा असलेला माणूस तो एकटा. बाकीचे सगळे बसलेले होते, आणि आत्याबद्दल तर पेनिनाने पंचांपुढे शपथेवर सांगितलं, "तिचं तोंड शेवटपर्यंत चालू होतं. माझे कान साक्षी आहेत."

फेरेती एवढंच म्हणत राहिला, "ते धावत आलं आणि पडलं." कुणाचा विश्वास बसेना. पाळकाचं डुक्कर मारलं, तेही प्रार्थनेच्या वेळी, वर खोटं बोलतोय. पंचांनी ठरवलं, शनिवारपर्यंत कबूल झाला नाही तर बायकोपोरांसकट गाव सोडायचं. तोवर पहारा त्याच्याकडेच, कारण त्याच्या जागी उभं राहायला कुणी तयार होईना.

त्या आठवड्यात आत्याची प्रार्थना आखूड झाली. पावसासाठी, आजाऱ्यांसाठी, आमेन. मला वाटलं, वय झालं. मला बरंच वाटलं.

शुक्रवारी फेरेतीच्या बायकोने चटया गुंडाळून खांबाशी ठेवल्या. आत्या त्या चटयांकडे दुपारभर बघत बसली. जेवली नाही.

संध्याकाळी शंख वाजला. आत्या पुटपुटायला लागली. मलाही नीट ऐकू येईना, तिथे पेनिनाला काय येणार. पलीकडून पेनिना मोठ्याने खाकरली. आत्याने मान वर केली.

"प्रभू, तुला ठाऊक आहे, पण गावाला नाही. डुक्कर मी मारलं. बसल्या जागेवरून नारळ फेकला. मला ते फक्त हाकलायचं होतं. नाही. मारायचंच होतं. नेमही चांगला लागला. आणि त्या नारळाचा रस काढून आम्ही दुसऱ्या दिवशी अळूच्या पानांत घालून खाल्ला, भाचीला काही ठाऊक नाही."

माझे डोळे उघडले. समोरच्या घरांतल्या सगळ्यांचेही उघडे होते.

"जन्मभर मी तुला इतरांची पापं सांगत आले. माझं एक सांगायला पाच दिवस लागले आणि तेवढ्यात एका घराच्या चटया गुंडाळून झाल्या. फेरेतीने खोटं सांगितलं नाही. मी गप्प बसले. माझी डुकरीण पाळकसाहेबांना दे. मला काय द्यायचं ते तू बघ."

दुसऱ्या शंखाची वेळ झाली. शंख वाजेना. फेरेती रस्त्याच्या मधोमध उभा होता, शंख तोंडाला लावून फुंकत होता आणि आतून नुसते हुंदके येत होते. शंख नाही म्हणजे उठायचं नाही. चुलीवरचं करपायला लागलं.

"प्रभू," आत्या म्हणाली, "त्या पोराला फुंकायला दम दे. माझ्या पायांना मुंग्या आल्यात."

पाळकसाहेबांच्या घरातून एकाच शब्दाची प्रार्थना आली. इतकी आखूड त्यांनी कधी केली नव्हती.

"आमेन."

मग शंख वाजला, वेडावाकडा, आणि फेरेतीच्या बायकोने चटया पुन्हा अंथरल्या.