चारकोपच्या गाळ्यात सुहासचा हात

घाटकोपरहून चारकोपला जायचं तर आज अंधेरीपर्यंत मेट्रो आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्याकडे ड्रम लादलेला टेम्पो होता आणि आपल्या बँडचा व्हिडिओ काढायचाच असा हट्ट होता. हट्ट माझा. आमचा गिटारवाला सुहास प्रेस मशीनवर कामाला होता, आणि त्या मशीनमध्ये त्याच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं गेली. गाणं मात्र त्याआधीच रेकॉर्ड झालेलं, त्याच्याच गिटारवर. निदान टीव्हीवर तरी तो वाजवताना दिसावा, एवढंच मला हवं होतं. लोक म्हणाले, कशाला जखमेवर मीठ चोळताय? म्हणोत बापडे.

रविवारी सकाळी निघालो. कुर्ल्यावरून वाकोल्याला जाऊन सुहासला घेतलं. त्याच्या आईने घावणे आणि खोबऱ्याची चटणी बांधून दिली, म्हणून वाटेत कुठे थांबावं लागलं नाही. हायवेला धुळीने वाट लागली. टेम्पोत मागे बसायची हौस असेल तर नाकाला रुमाल हवाच. सुहास पुढे बसला होता, डावा हात पँटच्या खिशात. हॉस्पिटलातून आल्यापासून तो हात तिथेच असायचा. त्याच्या जागी वाजवता यावं म्हणून मला स्वतःचे गिटारचे पीस शिकवतानासुद्धा तो नुसतं तोंडाने सांगायचा, तिसरी तार, पाचवं घर.

चारकोपला तेव्हा अर्धवट बांधलेल्या इमारती आणि मोकळी माती. इंडस्ट्रियल इस्टेट रविवारची बंद, आणि मित्राचा गाळा रिकामा. कॅमेरा घेऊन आमच्या ओळखीचे भाऊ आले, लग्नांचं शूटिंग करणारे. ठरलं असं की, सुहास फक्त छातीच्या वर दिसणार. मग त्याचाच शर्ट घालून माझ्या बोटांचा क्लोजअप, मग परत त्याचा चेहरा. एडिटिंग परवडत नव्हतं, म्हणून त्याच क्रमाने थांबत थांबत शूट करायचं. टेपवर गाणं लावलं. कॅमेरा हलला नाही तर बँड ग्रुप फोटोला उभा असल्यासारखा दिसतो, आणि ड्रमच्या ठोक्यावर झटकन वळला की सगळ्यांच्या अंगात येतं, हे मला त्या दिवशी कळलं. दोन कडवी झकास झाली.

लग्नात नवरीने मान खाली घातली की भाऊंचा कॅमेरा आपोआप हातांवर उतरायचा, मेंदीवर, अंगठीवर. वर्षानुवर्षांची सवय. तिसऱ्या कडव्याला सुहासने मान खाली घातली, आणि कॅमेरा उतरला, गिटारवर टेकलेल्या त्याच्या डाव्या हातावर.

भाऊंनी आणलेल्या छोट्या टीव्हीवर लावून पाहिलं. भाऊ ओशाळले आणि तेवढा भाग पुसून परत घेतो म्हणाले. सुहासने त्यांना थांबवून तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

"असा दिसतो होय," तो म्हणाला. "मी अजून नीट बघितलाच नव्हता."

ड्रेसिंगच्या वेळीही हा मान फिरवायचा, हे मला माहीत होतं.

मग तो माझ्याकडे वळला. "तुझी बोटं काढ, यार. आवाज माझा आहे ना? मग हात पण माझाच दिसू दे."

खरं सांगतो, मला रागच आला. एवढी खटपट केली ती कोणासाठी? पण पुढच्या क्लोजअपसाठी चढवलेला त्याचा शर्ट मी काढून त्याला दिला आणि आम्ही पहिल्यापासून शूट केलं. आता भाऊंनी कॅमेरा लांब ठेवला, सगळे एका फ्रेममध्ये. गिटारचा पीस आला तसे ते हळूहळू जवळ गेले. आवाज तारांवरून धावत होता आणि सुहासचा हात त्याच तारांवर नुसता टेकलेला. मला बघवेना, तरी बघितलं.

परतताना टेम्पोवाल्याने एकट्याने बडबड केली. वाकोल्याला सुहासला सोडून घरी पोचेपर्यंत अंधार झाला होता.

तो व्हिडिओ कुठेच लागला नाही आणि पुढे टेपला बुरशी लागली. दिवस फुकट गेला का, असं मला विचारतात. पुढच्या रविवारी सुहास नेहमीसारखा शिकवायला आला. मी तोच पीस वाजवताना अडलो. त्याने खिशातून हात काढला, उरलेलं पहिलं बोट माझ्या बोटावर ठेवलं आणि तारेवर दाबलं.

"जोरात दाब रे," म्हणाला. "दुखलं तरी."